रिझवीसाहेबांच्या गाडीतली चिमणी

ये अनघा, अशी जवळ येऊन बस. त्या स्टुलावर नको, त्याला ग्रीस लागलंय; इथं खाटेवर टेक. आता खरं सांग, तुझी गाडी किती दिवसांपासून चिवचिवतेय? परवा तू आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख मागायला आलीस ना, तेव्हा तू अजून कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापाशी होतीस, तेव्हाच मला ती ऐकू आली. चिवचिव, आणि तिच्यावर मोठ्यानं लावलेली गाणी. गाडीचं दुखणं ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ वाढवायचा! अगं, दाताला कीड लागली म्हणून कोणी आरशावर फडकं टाकतं का? दिवसभर प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतेस, आणि बॉनेट एकदा उचलून बघायला तुला फुरसत नाही. वर घाई इतकी, की पाणीसुद्धा न पिता, "काकू, जसं बोलता तसंच लिहा," म्हणालीस आणि गेलीस. मी मागून हाका मारल्या. पण तुझी गाणी चालू.

तर आता लिहितेय. बोलते तसंच. लांबलं तर चूक तुझी.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी ओळख करून देते. लखनौच्या अलीगंजात, बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं छोटंसं गॅरेज आहे. आमचे हे फौजेत विमानांच्या इंजिनांवर काम करायचे. शेवटची काही वर्षं आम्ही इथल्याच बख्शी का तालाबच्या विमानतळावर होतो. निवृत्तीनंतर कराडला परत जायचं ठरलं होतं, सामानही बांधून झालं होतं. पण आमची मंजू इथल्या शाळेत रमलेली. ती खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "हम नहीं जाएँगे." आम्ही राहिलो. त्याला आता तीस वर्षं झाली. त्या सामानातली एक पेटी मी अजून सोडलेली नाही. काय सांगावं, तिचा विचार बदलला तर.

यांचे हात म्हणजे देवाची देणगी. नट दिसत नसला तरी बोटांनी शोधून काढतात. पण कान! तरुणपणी इंजिनांपाशी उभं राहताना कानांत बोळे घालायचं यांना कमीपणाचं वाटायचं. तो मोठेपणा पुढं भोवला. भरदार आवाज ऐकू यायचे, समोर बसून बोललं की कळायचं, पण बारीक आणि उंच आवाज गेले ते गेलेच. दारावरची घंटा नाही, खाली पडलेला चमचा नाही, कुकरची शिट्टी नाही. "तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा," असं सांगून मी एकदा भाजी आणायला गेले होते. परत आले तेव्हा डाळ छताला होती आणि हे पेपर वाचत होते.

आता गाड्यांची गंमत अशी, की त्यांची निम्मी दुखणी बारीक आवाजातच सांगितली जातात. म्हणून गॅरेज उघडलं तेव्हा हात यांचे आणि कान माझे, अशी आमची वाटणी झाली.

मी कुठं शिकले म्हणशील तर कुठंच नाही. कराडला माझ्या वडिलांची, दादांची, पिठाची गिरणी होती. मोटरीपासून जात्यापर्यंत एक लांबलचक चामडी पट्टा फिरायचा. तो घसरायला लागला की आधी बारीक ओरडायचा. मी घरात अभ्यासाला बसलेली असायचे आणि तिथूनच ओरडायचे, "दादा, पट्टा!" मग दादा त्याला राळ चोळायचे. शाळेतलं सगळं विसरले, तो आवाज नाही विसरले. लग्न होऊन हजार मैल लांब आले आणि चाळिशीला टेकायच्या सुमारास पाहते तो काय, गाडीच्या इंजिनातही तोच पट्टा!

फरक इतकाच, की हा रबरी असतो, आतल्या बाजूनं उभ्या रेघारेघांचा. इंजिनाच्या तोंडाशी चार-पाच चाकं असतात, त्यांना पुली म्हणायचं. एक पुली बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची, एक एसीची, काही गाड्यांत एक पाण्याच्या पंपाची. त्या सगळ्यांना मिळून एकच पट्टा फिरवतो. मध्ये एखादी मोकळी पुली असते, ती नुसती पट्ट्याला वाट दाखवते. आणि एक असते स्प्रिंगवाली, पट्टा ताणून धरणारी. घरात सासूबाई असतात तशी. ती आहे तोवर सगळे कुरकुरतात, आणि ती ढिली पडली की मग कळतं.

आता चिवचिव झाली म्हणजे नक्की कोण बोलतंय, हे शोधायचं. त्याला फार शहाणपण लागत नाही, धीर लागतो. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची बाटली असते ना, तिनं चालत्या पट्ट्यावर थोडं पाणी उडवायचं. आवाज दोन क्षण गप्प बसून परत आला, तर एखादी पुली रांगेतून तिरकी झालीय, नाहीतर पट्ट्याच्या रेघा झिजल्यात. पाण्यानं आवाज उलट वाढला, तर पट्टा ढिला, घसरतोय. पाण्यानं काहीच फरक पडला नाही, तर बहुधा पट्ट्याचा दोष नाही, कुठल्यातरी पुलीचं बेअरिंग गेलंय. मग पट्टा पूर्ण उतरवायचा आणि इंजिन अर्धा मिनिट, त्याहून जास्त नाही, चालवून बघायचं. आवाज थांबला तर चोर त्या पट्ट्याच्या रस्त्यावरच आहे. बस, एवढंच शास्त्र.

आणि माझं हत्यार म्हणजे गॅसच्या शेगडीची जुनी रबरी नळी, हातभर लांब. एक टोक माझ्या कानात, दुसरं टोक एकेका पुलीच्या जवळ, पण पट्ट्यापासून लांब. त्यासाठी मी साडी सोडून कुर्ता घालायला लागले आणि वेणीचा अंबाडा केला, कारण फिरत्या पट्ट्याला ओढणी आणि वेणी फार आवडतात. नवी गिऱ्हाइकं विचारायची, "मिस्त्री कहाँ हैं?" हे माझ्याकडे बोट दाखवायचे. मग मी कानात नळी घालून डोळे मिटायचे. एका गृहस्थांनी त्यांच्या बायकोला हळूच सांगितलेलं मी ऐकलंय, "झाड़-फूँक करती हैं शायद."

चालू इंजिनाच्या आवाजात बोलून यांना काय ऐकू येणार? म्हणून आमची हातांची भाषा होती. एक बोट म्हणजे बेअरिंग. दोन बोटं म्हणजे पट्टा. मूठ म्हणजे इंजिन बंद करा. उघडा पंजा म्हणजे गाडी बरी आहे, बॉनेट लावा. मी नळी घेऊन वाकले की हे पाना हातात धरून माझ्या दुसऱ्या हाताकडे बघत उभे राहायचे. तीस वर्षं. इतकं तर यांनी लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरही बघितलं नव्हतं.

एकदा आपल्या मंडळातलेच, रेल्वेतले एक इंजिनियरसाहेब आले. नाव सांगत नाही, ते अंक वाचतात. गाडी सकाळी दहा मिनिटं चिवचिवते, मग गप्प. त्यांनी महिनाभराचा तक्ता करून आणला होता. तारीख, वेळ, किती किलोमीटर, आवाज किती वेळ. खाली निष्कर्ष: इंजिन उघडावं लागेल. मी तक्ता बघितला आणि विचारलं, "साहेब, यात कोहरा कुठं लिहिलाय?" ते म्हणाले, "कोहऱ्याचा काय संबंध?" अहो, जानेवारीतला लखनौचा कोहरा, हाताला हात न दिसणारं धुकं! जुना पट्टा रात्रभर ओलावतो, सकाळी दहा मिनिटं ओरडतो, वाळला की गप्प. पट्टा बदलला, काम झालं. साहेब मात्र जाताना नाराज दिसले. इतका सुंदर तक्ता, आणि दोष एवढासा.

आता रिझवीसाहेबांची गोष्ट. ही सांगायची की नाही यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. हे म्हणाले, "सांग, पण मी म्हणालो ते सगळं लिहू नकोस." सगळंच लिहितेय.

मंजू आता हजरतगंजात नोकरी करते. मागच्या वर्षी तिनं वडिलांना धरून कानाच्या मशीनवाल्याकडे नेलं. आमच्या घरात असं चालतं, मी मराठीत बोलते आणि ती हिंदीत उत्तर देते. मी म्हटलं, "अगं, इतकी वर्षं चाललंय की." ती म्हणाली, "चल नहीं रहा मम्मी, आप चला रही हो." उजव्या कानाला मशीन बसलं. आणि यांना माझं स्वयंपाकघरातलं पुटपुटणं ऐकू यायला लागलं! पहिल्याच दिवशी बाहेरून आवाज आला, "माझ्या बहिणीबद्दल काय म्हणालीस?" तीस वर्षांचं माझं स्वातंत्र्य एका दुपारी संपलं.

दुसऱ्या दिवशी मशीन लावूनच हे गॅरेजमध्ये आले. छाती अशी बाहेर. आणि त्याच दिवशी रिझवीसाहेब आले.

रिझवीसाहेब म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले प्रोफेसर. पंच्याहत्तरी ओलांडलेली. गाडीही वीसेक वर्षांची, पण दोघंही टापटीप. उतरले, आदाब केला, आणि म्हणाले, "बहनजी, तकलीफ़ माफ़ कीजिए. बेगम कहती हैं, गाड़ी में चिड़िया बोलती है."

"आपको सुनाई देती है?"

"जी नहीं. मगर बेगम कहती हैं, तो बोलती होगी."

पाणी मारलं. चिवचिव दोन क्षण गप्प, परत सुरू. मोकळी पुली झिजून तिरकी झाली होती, पट्ट्याची एक कड खाल्लेली दिसत होती. सोपं काम. यांनी पुली बदलली, पट्टा बदलला. रिझवीसाहेबांनी इंजिन चालू केलं, हे बॉनेटखाली वाकून बघायला लागले, मी शेजारी वाकले.

चीं. चीं-चीं.

मी दोन बोटं वर केली. यांनी बघितलंच नाही. मी खांद्याला हात लावला तर म्हणाले, "काय? तोंडानं बोल ना, आता ऐकू येतं मला."

"अजून आवाज येतोय."

"मला नाही येत."

"तुम्हाला कधी येत होता?"

"तेव्हा मशीन नव्हतं," हे म्हणाले आणि ताठ उभे राहिले.

मी रिझवीसाहेबांना विचारलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "आप फ़रमा रही हैं तो बोल रही होगी. और फौजीसाहब फ़रमा रहे हैं तो नहीं भी बोल रही होगी." लखनौचा माणूस आहे, दोघांचाही मान राखायचा तर दुसरं काय बोलणार? मी म्हटलं, चार दिवस चालवा आणि परत आणा.

चार दिवसांनी आणली. हे वाकले, मी वाकले, चीं-चीं. पाण्यानं फरक नाही, म्हणजे बेअरिंगच, असं धरून मी पट्टा उतरवायची परीक्षा वगळली; अल्टरनेटर काढून बघितला, ठणठणीत. आठवड्यानं परत. स्प्रिंगवाली पुली काढली, तीही ठणठणीत. दर वेळी रिझवीसाहेब ठरल्या वेळी हजर, सोबत कधी पेरू, कधी रेवड्या. एकदाही तक्रार नाही. मला वाटायचं, काय बिचाऱ्याचा छळ चाललाय माझ्यामुळे.

आणि हे एवढ्यावर थांबलं नाही. त्या तीन आठवड्यांत मला आणखी गाड्या चिवचिवताना ऐकू आल्या. ब्रेकसाठी आलेली गाडी, चीं. नुसतं तेल बदलायला आलेली, चीं. दोघींचे पट्टे मी बदलायला लावले. हे बदलत होते, पण कपाळावरची आठी वाढत होती. शेवटी एका संध्याकाळी हात पुसत पुसत हळूच म्हणाले, "हे बघ, तुझंही वय झालंय. तू आता काउंटरवर बसत जा. सावलीत. पंख्याखाली."

रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. प्रेमानं म्हणाले, तेच लागलं.

आता तुला वाटेल, काकूंना काय एवढं, बसायचं पंख्याखाली. अगं, गॅरेजच्या पाटीवर नाव यांचं. पाना यांचा. गिऱ्हाईक 'फौजीसाहब' म्हणून यांनाच ओळखतं. माझी जागा तेवढी एकच, बॉनेटच्या उजव्या बाजूची दोन फूट जमीन. ती मी गिरणीतून आणलेल्या कानांवर मिळवली होती. ती गेली तर मी त्या गॅरेजात चहा आणणारी.

दोन दिवस मी काउंटरवर बसले. तिसऱ्या दिवशी यांना "मंडळात हळदीकुंकू आहे" असं सांगून हजरतगंजला गेले, त्याच मशीनवाल्याकडे. गोड मुलगी होती तिथं. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबडी लावली. "आंटी, जब भी सीटी सुनाई दे, बटन दबाइए." मी आयुष्यात इतकी घाबरून कुठलीच परीक्षा दिली नव्हती. शाळेत नापास झाले तर दादा गिरणीत बसवतील एवढंच होतं, आणि ते मला हवंच होतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "उम्र के हिसाब से बहुत बढ़िया कान हैं आंटी. बस सबसे ऊपर वाली आवाज़ें थोड़ी कम होने लगी हैं."

"बेटा, जो आवाज़ है ही नहीं, वो सुनाई दे सकती है?"

"हाँ आंटी, कई लोगों को कान में अपने आप सीटी बजती है. आम बात है."

आम बात! मी बाहेर पडले आणि गंजच्या फुटपाथवर उभी राहिले. म्हणजे ती चिवचिव गाड्यांत नव्हतीच, माझ्या डोक्यात होती. दोन गाड्यांचे चांगले पट्टे मी उगीच फेकायला लावले. त्या सज्जन माणसाला तीन आठवडे पेरू घेऊन नाचवलं. डोळ्यांत पाणी आलं. तरी एक प्लेट बास्केट चाट खाल्ली. दुःख दुःखाच्या जागी, आणि गंजला काही रोज जाणं होत नाही.

मी ठरवलं, रिझवीसाहेब आले की हात जोडून सांगायचं, गाडी बरी आहे, मीच आजारी आहे. आणि काउंटर.

ते शनिवारी आले. या वेळी शेजारी बेगमसाहेबा. कुठल्याशा लग्नाला निघाले होते, अंगात घेरदार रेशमी गरारा वगैरे, अत्तराचा घमघमाट. मी काउंटरवरून उठले नाही. यांनी बॉनेट उघडलं, रिझवीसाहेबांना खिडकीतून किल्ली फिरवायला सांगितली आणि इंजिन चालू झाल्यावर वाकले.

चीं. चीं-चीं.

मी मान खाली घालून पावतीपुस्तक चाळायला लागले. तेवढ्यात गाडीतून बेगमसाहेबांचा खणखणीत आवाज आला, "अजी, यह तो यहाँ बोल रही है!"

मी उभीच राहिले. "आपको सुनाई दे रही है?"

"लो, बहरी थोड़े हूँ! साफ़ बोल रही है. मगर घर पर तो तीन हफ़्ते से नहीं बोली."

मी रिझवीसाहेबांकडे बघितलं. "साहब, घर पर नहीं बोलती?"

रिझवीसाहेबांनी नजर स्टिअरिंगवर वळवली. "जी... बेगम कहती थीं कि पहले ही दिन से ठीक है."

"तो आप हर हफ़्ते लाते क्यों थे?"

"आपने फ़रमाया था कि बोल रही है. अब मैं आपकी बात काटता, अच्छा लगता?"

बेगमसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "या अल्लाह! मुझसे कहते थे, चिकनाई डलवाने जा रहा हूँ."

अनघा, मला त्या क्षणी नाचावंसं वाटत होतं. दुसऱ्या बाईलाही ऐकू येतंय! म्हणजे माझ्या डोक्यात काही नाही, कान शाबूत! मी नळी घेतली आणि माझ्या दोन फूट जमिनीवर जाऊन उभी राहिले. यांना म्हटलं, "पट्टा उतरवा." हे म्हणाले, "अगं, पण..." मी म्हटलं, "उतरवा!" इंजिन बंद करून पट्टा उतरवला, खाटेवर ठेवला. परत इंजिन चालू. हे वाकले.

चीं-चीं.

पट्टा खाटेवर, आणि चिवचिव गाडीत. मी मूठ वर केली. हे बघत नव्हते, म्हणून ओरडले, "बंद कीजिए!" रिझवीसाहेबांनी इंजिन बंद केलं. गॅरेजमध्ये अशी शांतता, की पलीकडच्या घरातला पंखा ऐकू यावा.

चीं. चीं-चीं-चीं.

रिझवीसाहेब अदबीनं दार उघडून खाली उतरले आणि तीन पावलं मागं सरले. बेगमसाहेबा आतून म्हणाल्या, "तौबा! इसमें तो सचमुच चिड़िया है." रिझवीसाहेब म्हणाले, "मैंने पहले ही अर्ज़ किया था."

मी कानात नळी घातली. दुसरं टोक पुलीपाशी नेलं, शांत. अल्टरनेटर, शांत. बॅटरी, शांत. उजवीकडे न्यावं तसा आवाज वाढायला लागला. रेडिएटर ओलांडला, यांचा हात आला, खांदा आला, आवाज मोठा, मोठा, आणि नळीचं टोक जाऊन टेकलं ते यांच्या उजव्या कानावर.

"काय करतेस?" हे म्हणाले.

"हलू नका. आता सरळ उभे राहा." हे उभे राहिले. शांत.

"वाका." चीं-चीं.

"उभे राहा." शांत.

"वाका." चीं.

खरं सांगायचं तर दोनदा पुरलं असतं. पुढचं दोनदा मी 'काउंटरवर बस' म्हणाले होते त्याबद्दल करवून घेतलं.

ते मशीन कानात जरा सैल बसलं होतं. बॉनेटच्या पत्र्याजवळ कान गेला, की त्याचाच आवाज त्यात परत शिरायचा आणि ते शीळ घालायचं. ज्याच्या कानात शीळ, त्याला ती ऐकू येत नव्हती, कारण असल्या आवाजांसाठीच तर ते कान गेले होते. मग मला आठवलं, त्याच महिन्यात एकदा हे उशीला टेकलेले असताना चीं झालं होतं, आणि मी झाडू घेऊन पलंगाखाली चिचुंद्री शोधली होती.

बेगमसाहेबांचा गरारा हसून हसून चुरगळला. "बहन, पट्टा तो फौजीसाहब का बदलवाना था!" रिझवीसाहेब मात्र हसले नाहीत. यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "फौजीसाहब, आवाज़ बहुत सुरीली है."

यांनी मशीन कानातून काढलं. ते दोघं लग्नाच्या घाईत होते म्हणून यांनी भराभर पट्टा चढवला. मग विचारलं, "इतके दिवस ऐकू येत होतं, तर हाताची खूण का नाही केलीस?"

"केली होती. पहिल्याच दिवशी. तुम्ही बघत कुठं होतात?"

यांनी खिशातून सुपारीची स्टीलची डबी काढली, सुपारी फेकली, मशीन आत ठेवलं, डबी बंद केली. रिझवीसाहेबांना इंजिन चालू करायला लावलं. आणि पाना हातात घेऊन माझ्या हाताकडे बघत उभे राहिले, पहिल्यासारखे. मी नळीनं एकेक पुली ऐकली. जरा जास्तच वेळ ऐकली. मग उघडा पंजा दाखवला. यांनी बॉनेट लावलं.

ज्या दोघींच्या गाड्यांचे पट्टे उगीच बदलले होते, त्यांना मी स्वतः फोन करून चूक कबूल केली. एक म्हणाली, "अरे आंटी, मैं तो सबसे कह रही हूँ कि पट्टा बदलने के बाद गाड़ी मक्खन चल रही है!" आता तिला काय सांगणार. दुसरीनं फोन ठेवून दिला. ते मला लागलं, अजून लागतं. ती पुन्हा आली नाही.

पुढच्या आठवड्यात मशीन नीट बसवून घ्यायला आम्ही दोघं गंजला गेलो. ती गोड मुलगी मला बघून ओरडलीच, "अरे आंटी, आप! कान कैसे हैं?" झालं. यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "हळदीकुंकू?" एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर न विचारता दोन बास्केट चाट सांगितल्या, आणि ऑटोत बसल्यावर म्हणाले, "काउंटरवर मला झोप येते. तिथं कुणीच बसायला नको."

आता मशीन घरात वापरायचं आणि डबी गॅरेजात, असा नियम आहे. माझी दोन फूट जमीन माझ्याकडे आहे. पण अनघा, ती मुलगी म्हणाली ते मी विसरलेले नाही. सगळ्यांत वरचे आवाज कमी होतायत. एक दिवस चिवचिवही त्यांच्या मागोमाग जाईल. आणि नव्या बिजलीच्या गाड्या येतायत, त्यांना तर हा पट्टाच नसतो. कोण आधी जातं बघू, पट्टे की माझे कान.

म्हणून म्हणते, तुझी गाडी घेऊन ये. बहुधा मोकळी पुलीच आहे, पण नळी लावल्याशिवाय मी बोलणार नाही. आणि या वेळी नळी मी धरणार, कानात तू घालायची. तुझे कान कोवळे आहेत, रेडिओनं बिघडवण्याआधी त्यांना काहीतरी शिकवून ठेवू. बोटांच्या खुणा हे शिकवतील. अंबाडा घालून ये. जेवायला थांब, उभ्या उभ्या पळू नकोस.

या रविवारीच ये. येताना गाणी बंद ठेव. मी फाटकाशी बसलेली असेन. तू दूधवाल्यापाशी वळलीस, की मला चिवचिव ऐकू येईल आणि मी चहा टाकीन. फाटकाशी आलीस आणि चहा टाकलेला दिसला नाही, तर हॉर्न वाजव. जरा मोठ्यानं.